सही दाजींची, अक्षर माझं

आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या अर्जापायी शांतवनदाजींना आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं पंचपद सोडावं लागलं, तो अर्ज मी भरला होता. खालची सही त्यांची, वरचं सगळं अक्षर माझं. हे दाजींना माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता दाजी गेले, म्हणजे मी एकटाच उरलो.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. मी पहिल्या पाळीत, कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. गेटवरचा वॉचमन स्वतः चालत आत आला. तो कधी आत येत नाही, त्यामुळे त्याला बघूनच मला कळलं. "वसंतराव, बहिणीकडून निरोप आहे. मिस्तरी गेले." मी बरं म्हटलं. समोर एकजण गॅस्केट न्यायला उभा होता. त्याला गॅस्केट दिलं, त्याची सही घेतली, कपाटाला कुलूप लावलं, चावी जागेवर ठेवली आणि मग सायकल काढली. कासारवाडीचं फाटक बंद होतं. एक मालगाडी चालली होती, तिचे डबे बघत मी उभा राहिलो. माणूस गेला की पोटात खड्डा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते असं लोक सांगतात. मला त्यातलं काही झालं नाही. अजूनही होत नाही. जेवतो, कामावर जातो, कुणी विचारलं तर ऑपरेशन होऊन घरी आले आणि चौथ्या दिवशी गेले, एवढं सांगतो.

दफनाआधी घरासमोर प्रार्थना झाली. आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच पगारे गुरुजी मला म्हणाले, "वसंतराव, तुम्ही त्यांचे सख्खे मेहुणे, मंडळीचे कार्यवाह. दोन शब्द तुम्ही बोला." मी बोललो. दाजी वक्तशीर होते, हाताला कसब होतं, रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही, असं सगळं बोललो. समोर ताई बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्या मागच्या भिंतीकडे. खाली बसल्यावर शेजारच्याने माझा हात दाबला आणि "छान बोललात" म्हणाला. मी मान हलवली... त्या दिवशी जे बोललो नाही ते आता लिहितो आहे.

दाजी बासष्ट साली नगर जिल्ह्यातून पिंपरीला आले. गावच्या शाळेत चौथीपर्यंत, पुढे मिशनच्या कार्यशाळेत लेथचं काम, असं त्यांचं शिक्षण. इथे कारखाने उभे राहत होते आणि हातात काम असलेला माणूस महिनाभरही मोकळा राहत नव्हता. एका मोठ्या कंपनीत ते टर्नर म्हणून लागले. कासारवाडीला रेल्वेलाइनच्या अलीकडे दीड खोलीचं पत्र्याचं घर घेतलं, ताईला आणलं आणि दोन वर्षांनी मलाही बोलावून घेतलं. आमचे आईवडील लवकर गेले. मला ताईनेच वाढवलं, आणि ताईने वाढवलं म्हणजे दाजींनी वाढवलं.

लेथवर उभा राहणारा माणूस घरीही तसाच वागतो, हे मी त्या घरात पाहिलं. दाजींच्या तोंडात 'अंदाजे' हा शब्द नव्हता. किती वाजले विचारलं तर सात वाजून चार म्हणायचे. बाजारातून वांगी आणली तर सगळी एका मापाची. ताई पिशवी उलटी करून म्हणायची, "अहो, भरली वांगी करायचीत. बेअरिंग न्हाई बसवायचं." ते हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच आणायचे. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवार कामाचा. त्यामुळे मंडळीची उपासना रविवारी सकाळी सातला व्हायची, पिंपरीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, आणि पहिल्या पाळीची माणसं येऊ शकायची नाहीत. दाजींनी मुकादमाशी बोलून वर्षानुवर्षं रविवारी दुसरी पाळी मागून घेतली. त्या बदल्यात सणासुदीच्या पाळ्या त्यांच्या माथी यायच्या, नाताळची संध्याकाळसुद्धा. गुरुवारी ते चाकणच्या बाजूला जायचे आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करून द्यायचे. येताना कांदे आणायचे. तेही एका मापाचे.

माझ्या नोकरीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सहासष्ट साली एका सरकारी कारखान्यात मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्या जागा निघाल्या. आमची जात तीच, गावाबाहेरची वस्ती तीच. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावच्या विहिरीवर आम्हाला कुणी वर घेतलं नव्हतं. पण कायद्यात ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही. आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मात्र आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या दाखल्यावर सरसकट 'हिंदू' लिहून ठेवलं होतं. त्यांना विचारायची गरज वाटली नाही आणि आमच्या बापांना वाचता येत नव्हतं. तो दाखला मी अर्जाला जोडला. रकान्यात धर्म लिहायचा होता, तिथेही तेच लिहिलं. मला नोकरी लागली. घरी मी सांगितलं की परीक्षा चांगली गेली. माझ्यासारखं ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे मी बोट दाखवत नाही. पोट सगळ्यांना आहे आणि नियम आम्ही केलेला नाही. मी फक्त माझं सांगतो. आमच्या सरकारी कारखान्याला सुट्टी रविवारची; दर रविवारी उपासनेत उभा राहून सगळ्यांबरोबर मी माझा विश्वास मोठ्याने म्हणायचो, आणि सोमवारी ज्या कागदाच्या जोरावर कामावर जायचो त्या कागदावर दुसरंच लिहिलेलं होतं. त्याची सवय होते. पण पूर्ण होत नाही.

त्र्याहत्तर साली शेडचं निघालं. दाजींच्या हातच्या बुशिंगवर, म्हणजे यंत्रात दांड्याभोवती बसणाऱ्या नळीवर, कंपनीचे साहेब खूष होते. ते म्हणाले, तुमची स्वतःची जागा असेल तर बुशिंगचं काम बाहेर देऊ, पहिलं मशीनसुद्धा कंपनी हप्त्याने देईल. काम पक्कं, मशीन पक्कं, अडत होती ती जागा. त्याच सुमाराला शेजारचे कांबळे एका संध्याकाळी पेपर घेऊन आले. कांबळे दाजींच्याच कंपनीत फिटर होते. बौद्ध, बोलायला फटकळ, दाजींवर जीव.

"मिस्तरी, भोसरीत मागासवर्गीय कारागिरांना सवलतीत शेड देतायत. मी भरतोय. तुम्ही पण भरा, राव."

"आमाला न्हाई बसत ते," दाजी म्हणाले. "आमी ख्रिस्ती."

"आमचं तरी कुठं धड आहे? मुंबई सरकारच्या कागदावर आम्ही बौद्ध चालतो, दिल्लीच्या कागदावर चालत नाही. पण तुमची कमाल आहे, ना मुंबई ना दिल्ली!"

"आमचा कागद वरच्या हापिसात हाय."

"मग तिथं विचारा, शेड कधी देताय म्हणून."

दोघंही हसले. ताईने चहा दिला आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यात मात्र संपला नाही. ताई आत पत्र्याच्या भिंतीला टेकून कणीक मळत होती. उन्हाळ्यात त्या पत्र्याला हात लावता यायचा नाही. मला वाटलं, हिने किती वर्षं इथे काढायची? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि ते आज पहिल्यांदा लिहितो. दाजींनीही माझ्यासारखं लिहिलं, तर मी एकटा राहणार नाही, असं मला वाटत होतं. घरात ते माप घेऊन बसलेले, आणि मी त्या मापात बसत नव्हतो. त्यांना माझ्या मापाचं केलं की झालं.

मी रजा टाकून नगरला गेलो, त्यांच्या गावच्या शाळेतून त्यांचा दाखला काढला. त्यावरही मास्तरांनी तेच लिहिलं होतं. अर्ज आणला, जपून, चांगल्या अक्षरात भरला. माझं अक्षर चांगलं आहे, मंडळीची सगळी इतिवृत्तं त्यासाठीच माझ्याकडे. मग एका दुपारी, दाजी दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी, कागद पुढे केले. म्हटलं, "शेडसाठी सगळ्या कारागिरांना अर्ज करता येतो, मी चौकशी केली आहे. सही करा." त्यांनी हात पुसले, चष्मा शोधायला लागले.

"वाचून दाखवतो का?"

"सरकारी छापील मजकूर आहे, दाजी. तुमची पाळी चुकेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही, आपला माणूस शिकला याचं त्यांना कौतुक असायचं, तसं. मी बोट ठेवत गेलो, इथे, इथे आणि इथे. त्यांनी तीन सह्या केल्या आणि सायकलवर टांग मारली.

चार महिन्यांनी पत्र आलं. शेड मंजूर. ताई रडली, मग हसली, मग कांबळ्यांच्या घरी सांगायला धावली. त्यांचीही मंजूर झाली होती. आमच्यात चांगलं काही घडलं की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. मंडळीला बोलावतात, गीतं होतात, देवाचे आभार मानतात, मग चहा-पोहे. ताईने त्याच आठवड्यात ती ठेवली. अंगणात सतरंज्या घातल्या, पेटी आणली. पगारे गुरुजी म्हणाले, आज आभाराची प्रार्थना वसंताने करावी, धावपळ त्याने केली. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि त्या शेडबद्दल देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. दाजींचं आमेन मला वेगळं ऐकू आलं... ते माझ्या मागेच बसले होते.

ताबा घ्यायला पुण्याच्या ऑफिसात जायचं होतं. मी बरोबर गेलो. टेबलाशी एक वयस्क क्लार्क होता, सज्जन माणूस. त्याने फाइल उघडली आणि ठरल्याप्रमाणे एकेक रकाना वाचून खूण करू लागला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय. "धर्म हिंदू," तो म्हणाला आणि पुढे जाऊ लागला.

"थांबा," दाजी म्हणाले. "ते परत वाचा."

त्याने वाचलं.

"ते चुकलंय. मी ख्रिस्ती हाय."

क्लार्कने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मिस्तरी, मी ऐकलं नाही असं समजा. ही इथे सही करा, किल्ली घ्या आणि कामाला लागा. दुरुस्ती केली तर शेड जाईल. पुन्हा मिळायची नाही."

"जाऊ द्या."

"अहो, पुढ्यात वाढलेलं ताट आहे. घरी विचारून तरी या."

"घरी विचारलं तर सही करावी लागंल," दाजी म्हणाले. "पेन द्या."

क्लार्कने फाइल वळवून दिली. दाजींनी चष्मा लावला आणि आधी तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, ओळीवर बोट ठेवून. वेळ लागला. माझं अक्षर ते ओळखत होते, दर महिन्याचं वाणसामान मीच लिहून द्यायचो. वाचून झाल्यावर त्यांनी त्या रकान्यातला शब्द एका रेघेत खोडला आणि शेजारी त्यांच्या वाकड्या अक्षरात ख्रिस्ती असं लिहिलं. खाली सही केली. हे अक्षर कुणाचं, असं त्यांनी विचारलं नाही. क्लार्कनेही नाही. मी तिथे उभा होतो आणि हो, मी लिहिलं, एवढं म्हणायला मला तोंड होतं. मी म्हटलं नाही.

बसथांब्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो. शेवटी मीच म्हटलं, "कागदावर काय लिहिलं याने देवाला काय फरक पडतो, दाजी? त्याला माहीत आहे तुम्ही कोण."

"त्याला पडत नसंल. मला पडतो." मग म्हणाले, "आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा गावानं त्याची बलुत्याची भाकर बंद केली. चार पोरं होती पदरात. तो म्हनला, ऱ्हाऊ द्या तुमची भाकर. आता मी शेडसाठी ते समदं खोडून टाकू व्हय?"

बस येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या नोकरीच्या कागदावर पण आसंच हाय का रं, वसंता?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "ताईला सांगू नको. तिला झेपायचं न्हाई."

एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण दाजींनी स्वतः लिहून दिल्यामुळे ऑफिसने रीतीप्रमाणे मंडळीला पत्र पाठवलं. अर्जदाराने मूळ अर्जात धर्म हिंदू नोंदवला होता, नंतर ख्रिस्ती अशी दुरुस्ती केली, तरी तो आपल्या मंडळीचा सभासद आहे काय आणि कधीपासून, ते कळवावे. पत्र कार्यवाहाच्या नावाने, म्हणजे माझ्या हातात आलं. ते मी पंचांच्या बैठकीत वाचून दाखवलं. आवाज कापला नाही. दाजीही पंच होते, समोरच बसले होते. मग एकजण म्हणाला, चौकशी लागली असेल म्हणून घाबरून दुरुस्ती केली. दुसरा म्हणाला, आणि आम्ही यांच्या अंगणात बसून आभार मानले! त्याचं बरोबर होतं. ज्या लोकांनी घरची तंगी असून असे कागद केले नव्हते, असे दोघेतिघे त्या बैठकीत होते. त्यांचा राग मला समजत होता.

पगारे गुरुजींनी शांतपणे विचारलं, "शांतवनराव, अर्ज तुमचा?"

"सही माझी हाय, गुरुजी."

"वाचून केलीत?"

"सही माझी हाय."

"कुणी भरून दिला असेल तर सांगा. आम्ही त्यालाही विचारू."

दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी लोकांना कळलं असतं. "सही केली ती मी केली," ते म्हणाले. "मंडळीनं ठरवावं." माझं नाव निघालं असतं तर माझी नोकरी कोणत्या कागदावर आहे ते दुसऱ्या मिनिटाला निघालं असतं. हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून मी गप्प बसलो. शांतवनराव यांना पंचपदावरून दूर करावे आणि सहा महिने उपासनेतल्या प्रभुभोजनाची भाकर व प्याला देऊ नये, असा ठराव झाला. तो इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिला. ओळी सरळ आल्या, खाडाखोड नाही. गुरुजींनी सही करताना म्हटलंही, "वसंता, अक्षर म्हणजे अक्षर आहे तुझं."

घरी ताईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. मी दारात होतो. ती दाजींना म्हणाली, "लिव्हायचंच हुतं तर मग शेड तरी घ्यायची! आब्रू पण गेली आन् जागा पण गेली. मधल्यामधी काय मिळवलं तुमी?" दाजी चपला काढत होते. "व्हय, चुकलं माझं," म्हणाले. मी ते ऐकलं आणि घरी जायला निघालो. माझं तेव्हा लग्न झालेलं होतं, पिंपळे गुरवला बिऱ्हाड केलं होतं. नदीवरच्या पुलावर सायकल थांबवून मी परत फिरायचं ठरवलं. परत फिरलो नाही.

सहा महिने सरले, वर्षं सरली. कांबळ्यांची शेड चालली, एकाची दोन झाली. कंपनीच्या बुशिंगचं काम त्यांनाच मिळालं. कांबळे मोटार घेऊन आले तेव्हा पहिली फेरी दाजींना मारून आणली आणि परत आल्यावर ताईला म्हणाले, "वहिनी, ही गाडी खरं म्हणजे तुमच्या दारात उभी राहायची. पण या माणसाच्या शेजारी बसलो की मला गाडी लहान वाटते, राव." ताई हसली नाही. दाजी कंपनीतच राहिले, त्याच पत्र्याच्या घरात राहिले. मोठ्या मुलाला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचा होता, ते जमलं नाही. तो आयटीआय करून आता कांबळ्यांकडेच कामाला आहे. माझा मुलगा चांगल्या इंग्रजी शाळेत जातो. हे दोन्ही मी शेजारी शेजारी लिहिलं, कारण ते तसंच आहे.

गुरुजींनी दोन वर्षांनी त्यांना पंचांत परत यायला सांगितलं होतं. दाजी म्हणाले, "मागं बरं वाटतंय, गुरुजी. दार जवळ हाय." शेवटच्या बाकावर बसायचे. उशिरा येणाऱ्या बायाबापड्यांसाठी दार आवाज न करता उघडायचे, लेकरू रडायला लागलं तर उचलून बाहेर न्यायचे. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे. मी पुढून कधी डोळे उघडून बघितलं तर त्यांचे मिटलेले दिसायचे आणि चेहरा स्वस्थ असायचा. तो स्वस्थ चेहरा मला सहन व्हायचा नाही. त्यांनी मला एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या.

एक सवय मात्र त्यांना लागली होती. त्यानंतर ते कुठल्याही कागदावर मोठ्याने वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. मुलांचं प्रगतिपुस्तक असो, पोस्टाची पावती असो, बोट ठेवून पहिल्या शब्दापासून वाचायचे. पोस्टमन दारात ताटकळायचा. मुलं त्यांची नक्कल करायची आणि ताईसुद्धा हसायची, "आता एवढं वाचून कारखाना घेताय व्हय?" त्या घरात ही सवय कुठून आली हे त्यांच्याखेरीज मला एकट्यालाच माहीत होतं. मुलं हसली की मीही हसायचो.

पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांना दाखल केलं तेव्हा फॉर्म भरायला मीच होतो, कारण अक्षर चांगलं. ते खाटेवर पडून बघत होते. चष्मा घरी राहिला होता.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. नाव, वय, पत्ता. पुढच्या रकान्याशी मी थांबलो.

"धर्म काय लिव्हला?"

"ख्रिस्ती लिहिलंय, दाजी."

"बरं केलं." मग त्यांच्या डोळ्यांत जुनं हसू आलं. "हितं काय सवलत न्हाई ना?"

मला हसता आलं नाही. त्यांनी हात पुढे केला, मी पेन दिलं, त्यांनी सही केली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. खाटेशेजारी दुसरं कुणी नव्हतं, ताई औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "दाजी, त्या अर्जाचं..." त्यांनी डोळे मिटले. "ते झालं रं," म्हणाले. "ते माझ्यापाशी काय न्हाई आता. तू तुझं बघ." ताई आली, म्हणून मी उठलो. पुढे ते घरी आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आणि चौथ्या दिवशी वॉचमन स्टोअरमध्ये आला.

गेल्या रविवारी उपासनेला गेलो तेव्हा शेवटच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. जागा कमी होती, लोक भिंतीला उभे होते, तरी नाही. एक म्हातारी उशिरा आली. दार करकरलं, सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मी कार्यवाहाच्या खुर्चीवर बसून होतो. उठून दार धरायला गेलो नाही. पुढचं शास्त्रवाचन माझ्याकडे होतं, ते केलं.

हा लेख माझ्या नावाने छापा असं मी संपादकांना लिहिलं आहे. कारखान्यात कुणी वाचला तर नोकरीचं जे व्हायचं ते होईल. गुरुजींकडे मी कार्यवाहपदाचा राजीनामा दिला आहे आणि मंडळीसमोर उभं राहायची वेळ मागितली आहे. त्यांनी कारण विचारलं. ते मी सांगितलं नाही, मंडळीसमोरच सांगेन म्हटलं. राहिली ताई. आपल्या नवऱ्याने खोटं लिहिलं आणि मग ते निभवायची हिंमत झाली नाही, असंच ती आठ वर्षं समजत आली आणि तसंच समजून तिने त्यांना माती दिली. तिला पेपरची पुरवणी वाचायची सवय आहे. कागद तिच्या हातात पडण्याआधी तिच्यासमोर बसून हे माझ्या तोंडाने सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. काल तिच्याकडे जाऊन आलो. चहा घेतला, सांगितलं नाही.